मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधीचं मोजमाप : नव्या यंत्रात उरलेलं जुनं यंत्र

1949 च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये डोळ्यांचे सर्जन हॅरॉल्ड रिडली यांनी मोतीबिंदूनंतर डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. भिंग टिकलं, पण रुग्णाला चष्म्याचा नंबर लागला उणे 18 च्या घरातला. त्या एका डोळ्याला किती ताकदीचं भिंग लागेल, हे मोजून ठरवण्याची सोयच तेव्हा नव्हती. कॉर्नियाची, म्हणजे बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्याची वक्रता मोजणं हेल्महोल्ट्झच्या काळापासून, म्हणजे 1850 च्या दशकापासून जमत होतं. अडत होतं ते डोळ्याच्या लांबीवर, म्हणजे कॉर्नियापासून मागच्या दृष्टिपटलापर्यंतच्या (रेटिनापर्यंतच्या) अंतरावर.

1956 मध्ये मुंड्ट आणि ह्यूज यांनी डोळ्यावर अल्ट्रासाउंड वापरला आणि ती वाट उघडली. 1967 मध्ये फ्योदोरोव यांनी भिंगाच्या ताकदीचं सूत्र मांडलं, 1980 मध्ये प्रत्यक्ष निकालांवरून बेतलेलं एसआरके सूत्र आलं.

ए-स्कॅन, म्हणजे अल्ट्रासाउंडने डोळ्याची लांबी मोजण्याची तपासणी, ज्यांनी केलीय, त्यांना त्यातली मेख ठाऊक आहे. बधिर करणारा थेंब टाकायचा, प्रोब कॉर्नियाला अलगद टेकवायचा आणि पडद्यावर उंच, सरळ टोकं उमटायची वाट पाहायची. हात जरासा जड पडला की कॉर्निया दबतो आणि लांबी कमी भरते. एका मिलिमीटरच्या चुकीने नंबर अडीच ते तीनने सरकतो, म्हणजे 0.3 मिलिमीटरचा दाबही रुग्णाला जाणवणार. म्हणून मधे द्रव ठेवून, प्रोब न टेकवता मोजायची इमर्शन पद्धत अधिक भरवशाची ठरली.

1999 मध्ये प्रकाशाने मोजणारं आयओएलमास्टर आलं. स्पर्श नाही, दाब नाही. मात्र ध्वनी दृष्टिपटलाच्या आतल्या पृष्ठभागावरून परततो, तर प्रकाश त्यामागच्या रंगद्रव्याच्या थरापर्यंत जातो. साहजिकच लांबी जास्त भरते. सगळी सूत्रं ध्वनीच्या आकड्यांवर बेतलेली, ती मोडीत कोण काढणार? म्हणून या यंत्राचे आकडे इमर्शनशी जुळवून घेतले गेले. माझ्या मते यंत्रांच्या तुलनेत सर्वांत जास्त विसरली जाते ती हीच गोष्ट: पडद्यावरच्या लांबीत जुन्या पद्धतीशी केलेली तडजोड आधीच मिसळलेली असते. पुढे आर्गोस हे यंत्र कॉर्निया, भिंग अशा प्रत्येक भागाला त्याचा स्वतंत्र अपवर्तनांक (त्यात प्रकाश किती मंदावतो त्याचा आकडा) लावू लागलं, तेव्हा फरक दिसला. लांब डोळे थोडे आखूड भरतात आणि आखूड डोळे थोडे लांब.

त्यामुळे दोन यंत्रांचा सहसंबंध, म्हणजे आकडे एकत्र वाढण्या-घटण्याचं माप, 0.99 आला (1 म्हणजे पूर्ण) म्हणून ती अदलाबदलीने वापरता येतात, असं मानणं धोक्याचं आहे. एक यंत्र दर वेळी 0.2 मिलिमीटर जास्त दाखवत असेल, तरी सहसंबंध उत्तमच येईल. ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी 1986 मध्ये हाच मुद्दा मांडला आणि सहसंबंधाऐवजी दोन यंत्रांमधला फरक तपासायला शिकवलं. भिंगाचा ए-कॉन्स्टंट, म्हणजे सूत्रात त्या भिंगासाठी घालायचा ठरावीक आकडाही, ध्वनीसाठी वेगळा आणि प्रकाशासाठी वेगळा का असतो, याचं उत्तर यातच आहे. शिवाय मोतीबिंदू फार पिकलेला असला तर प्रकाश आरपार जातच नाही, मग पुन्हा प्रोब हातात घ्यावा लागतो.

1992 मध्ये ओल्सेन यांच्या हिशेबात भिंगाच्या नंबरातल्या एकूण चुकीपैकी 54 टक्के वाटा लांबीच्या मोजणीचा होता. 2008 मध्ये नॉर्बी यांनी तो 17 टक्के मांडला. त्यांच्या हिशेबात सर्वांत मोठा वाटा, 35 टक्के, शस्त्रक्रियेनंतर भिंग नेमकं किती आत बसेल या अंदाजाचा आहे, आणि ते आधी कोणत्याच यंत्राने मोजता येत नाही.