स्वनोंद

स्वनोंद : ठरवलेली एखादी गोष्ट आज आपल्या हातून घडली की नाही, हे आपणच त्याच दिवशी लिहून ठेवण्याची रीत. पहाटे उठणे, चालणे, वाचन, औषधांच्या वेळा, खाणे, खर्च, व्यसनाविना गेलेला दिवस अशा बाबींसाठी ती वापरतात. रोजनिशीत दिवसाचे वर्णन येते, तर स्वनोंदीत एका नेमक्या प्रश्नाला बहुधा एका खुणेने उत्तर दिलेले असते. नवी सवय लावताना तिचा उपयोग होतोच, पण सुटलेली सवय पुन्हा बसवताना तिची गरज अधिक भासते. सवय सहसा एका दिवसात सुटत नाही. आधी एक खाडा पडतो, मग दोन, आणि चालणे नेमके कधी बंद झाले हे महिन्याभराने आठवूनही सांगता येत नाही.

दिवसाअखेरीस स्वतःची झडती घेण्याची प्रथा अनेक परंपरांत आहे. जैनांचे प्रतिक्रमण हा तिचाच नित्याचा विधी. रोमन तत्त्वज्ञ सेनेका रात्री दिवा मालवल्यावर दिवसभराचे वागणे तपासत असे. जेझुइट या ख्रिस्ती संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने सोळाव्या शतकात तिला कागदावर आणले. एकच दोष निवडायचा, दिवसातून दोनदा त्याच्या खुणा दोन ओळींत मांडायच्या आणि आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा गेल्या आठवड्याशी ताडून पाहायचा, अशी त्याची पद्धत होती.

सर्वांत बोलके वर्णन मात्र अमेरिकी मुत्सद्दी व शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिनच्या आत्मचरित्रात सापडते. फिलाडेल्फियात मुद्रकाचा व्यवसाय करत असताना त्याने मिताहार, मितभाषण, व्यवस्थितपणा, निश्चय, काटकसर असे तेरा गुण ठरवले. छोट्या वहीत प्रत्येक गुणाला एक पान दिले आणि पानावर वारांचे सात उभे रकाने व गुणांच्या तेरा आडव्या ओळी आखल्या. ज्या गुणाबाबत चूक झाली, त्याच्या चौकोनात काळा ठिपका द्यायचा. आठवडाभर खरे लक्ष एकाच गुणावर, बाकीच्यांची नुसती नोंद. अशी तेरा आठवड्यांची एक फेरी, वर्षात चार फेऱ्या. जुने ठिपके खरवडून तीच वही पुन्हा वापरल्याने कागदाला भोके पडू लागली, तेव्हा त्याने हस्तिदंती पानांची वही घेतली. तिच्यावरच्या रेघा लाल शाईच्या, कायमच्या होत्या आणि शिसपेन्सिलीचे ठिपके ओल्या स्पंजने पुसता येत. आपल्यात कल्पनेपेक्षा कितीतरी जास्त दोष आहेत हे पाहून तो चकित झाला, आणि ते कमी होताना पाहून समाधानही मिळाले, असे तो लिहितो. व्यवस्थितपणा त्याला कधीच नीट साधला नाही. मुळात गुण बाराच होते. लोक तुला गर्विष्ठ समजतात, असे क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या एका मित्राने दाखले देऊन सांगितल्यावर यादीत नम्रता आली. जो दोष वही भरणाऱ्याच्या ध्यानातच आला नव्हता तो दुसऱ्याने दाखवला, आणि फ्रँकलिनच्या तक्त्याची नक्कल करणारे नेमका हाच भाग विसरतात.

भारतात ऋषिकेशच्या स्वामी शिवानंदांनी ही उणीव भरून काढली. पूर्वाश्रमी डॉक्टर असलेल्या आणि १९३६ साली डिव्हाइन लाइफ सोसायटी स्थापन करणाऱ्या शिवानंदांनी साधकांसाठी आध्यात्मिक दैनंदिनीचा तक्ताच तयार केला होता. किती वाजता उठलात, किती तास झोपलात, किती माळा जप झाला, किती वेळा रागावलात, असे साधे प्रश्न त्यात होते. भरलेल्या तक्त्याची प्रत गुरूकडे पाठवावी, असा त्यांचा आग्रह असे.

हा आग्रह पुढील संशोधनाशी जुळतो. वागणे मोजू लागताच ते थोडे बदलते, हे मानसशास्त्रज्ञांना बऱ्याच काळापासून ठाऊक आहे. २०१६ साली १३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. प्रगती तपासत राहिल्याने उद्दिष्ट गाठण्याची शक्यता वाढते, आणि नोंद प्रत्यक्ष लिहिली किंवा इतरांसमोर मांडली तर परिणाम अधिक दिसतो, असे त्यात आढळले. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेची रचनाही अशीच आहे. तिच्या बारा पायऱ्यांपैकी दहावी पायरी स्वतःचा हिशेब सतत मांडत राहण्याची आहे, आणि सोबतीला स्पॉन्सर म्हणजे आधी सावरलेला सहकारी असतो. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही उपचारानंतरच्या पाठपुराव्याला आणि कुटुंबीयांच्या सहभागाला मोठे स्थान आहे.

सवय २१ दिवसांत लागते, ही समजूत मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६०मधील निरीक्षणाच्या विपर्यासातून पसरली. रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान तेवढे दिवस लागतात, एवढेच त्याने म्हटले होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला. सवय अंगवळणी पडण्याचा काळ मध्यकाने (म्हणजे चढत्या क्रमातल्या मधल्या आकड्याने) ६६ दिवस निघाला, पण व्यक्तीगणिक अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरले होते. त्याहून मोलाचा निष्कर्ष असा, की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात लक्षणीय अडथळा आला नाही. खाड्यापेक्षा खाड्यानंतरचा विचार जास्त घातक ठरतो. व्यसनांचे अभ्यासक अ‍ॅलन मार्लॅट यांनी ‘आता नेम मोडलाच, मग उरले काय’ या मनोवृत्तीचे सविस्तर विवेचन केले आहे. म्हणून तक्त्यात खाडा लपवू नये, रकाना कोरा सोडण्याऐवजी तेथे स्पष्ट खूण करावी आणि शेजारी दोन शब्दांत कारण लिहावे. ‘पाहुणे’, ‘रात्रपाळी’, ‘पाऊस’ अशी कारणे महिनाअखेर एकत्र वाचली की अडचण कुठे आहे ते कळते. वेळ बदलायची की ठिकाण, हे त्यावरून ठरवता येते.

साधन साधेच पुरते. घरोघरी भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाचे खाडे लिहितात, त्याच चौकोनात चालण्याची खूणही मावते, आणि ती घरातल्या सर्वांना दिसते. मोबाइल अ‍ॅप आठवण करून देतात, पण सलग दिवसांचा आकडा दाखवून एका खाड्यासरशी तो शून्यावर आणतात. परतू पाहणाऱ्या माणसाला हे निष्कारण खच्ची करणारे आहे.

आकडाच ध्येय बनण्याचा धोका जुना आहे. रोज १०,००० पावलांचे प्रमाण १९६५च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या पाऊलमापकाच्या ‘दहा हजार पावलांचा मापक’ अशा अर्थाच्या नावातून रूढ झाले. त्यामागे वैद्यकीय मोजमाप नव्हते. झोप मोजणाऱ्या उपकरणांच्या नादाने चिंता वाढून झोपच बिघडलेल्या रुग्णांची नोंद अमेरिकी संशोधकांनी २०१७ साली केली. खाण्याचे विकार असलेल्यांनी कॅलरी किंवा वजनाची स्वनोंद डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ठेवू नये.