टाकी रिकामी, की इंजिन उपाशी?

इंजिन बंद पडून छोटं विमान कुठे शेतात उतरलं, अशी बातमी आली की सोलापुरात होटगी रोडच्या टपरीवर निकाल लागून जातो: "पेट्रोल संपलं असणार!" असेलही. पण टाकीत पेट्रोल डचमळतंय आणि इंजिनापर्यंत ते पोचतच नाही, हा प्रकार निराळा. वैमानिक पहिल्याला फ्युएल एक्झॉशन म्हणतात, दुसऱ्याला फ्युएल स्टार्व्हेशन.

पहिल्यात हिशेब चुकतो. सोलापूर ते पुणे सरळ रेषेत साधारण 235 किलोमीटर. सेस्ना 172 हे छोटं विमान ताशी 200 ने गेलं आणि तासाला 35 लिटर धरले, तर 41 लिटर पुरतात. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा ताशी 40 ने समोरून आला, की तेच अंतर दीड तासाचं होतं आणि 51 लिटर लागतात. वर चढताना जास्त जळतं ते वेगळं. पुण्यावर ढग असले तर बारामतीकडे वळायची सोय हवी, आणि त्याहीवर राखीव साठा. अमेरिकी नियमात तो दिवसा 30 मिनिटांचा, रात्री 45. गेजवर भरवसा न ठेवता टाकीत पट्टी बुडवून बघायची.

दुसरा प्रकार जास्त चीड आणणारा. पायपर चेरोकी या छोट्या विमानात डावी किंवा उजवी, एका वेळी एकाच टाकीतून पेट्रोल येतं. जुन्या मोटरसायकलचा कॉक रिझर्व्हवर फिरवावा तसा इथला कॉक घड्याळ बघून फिरवावा लागतो. विसरलात, तर पलीकडची टाकी भरलेली असूनही इंजिन गप्प.

टाकीत शिरलेल्या पाण्यानेही तेच होतं. ते जड, म्हणून तळाशी बसतं आणि आधी तेच इंजिनाकडे जातं. उड्डाणापूर्वी पंखाखालच्या ड्रेनमधून पारदर्शक कपात थोडं पेट्रोल काढतात. छोट्या विमानांचं हंड्रेड एलएल पेट्रोल निळसर. पाण्याचा बिनरंगी थेंब तळाशी लगेच दिसतो. कपात नुसतं पाणीच आलं तर मात्र वेगळं काही दिसतच नाही, म्हणून रंगाबरोबर वासही घ्यायचा.

कधी दोन्ही चुका एकमेकींत गुंततात. 12 ऑक्टोबर 1997 ला कॅलिफोर्नियात गायक जॉन डेन्व्हर स्वतः चालवत असलेलं विमान समुद्रात कोसळलं. त्यात कॉक वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे होता. तो फिरवायला वळताना उजवा रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू फिरवणारा पायाचा पेडल, दाबला गेला आणि ताबा सुटला, असा चौकशीचा निष्कर्ष. निघण्याआधी त्यांनी पेट्रोल भरून घेतलं नव्हतं, हेही त्याच अहवालात कारणांमध्ये धरलंय.