बर्फात ऊन लागत नाही? गुलमर्गला निघण्याआधी हे वाचा

'बर्फात थंडी असते, म्हणून ऊन भाजत नाही. सनस्क्रीन, गॉगल लागत नाही', असा मजकूर दर हिवाळ्यात नाशिकच्या ग्रुपांत फिरतो. तो पटणं साहजिक आहे. निफाडचा पारा ५-६ अंशांवर असताना कोवळं ऊन हवंहवंसंच वाटतं.

पण त्वचा भाजते ती अतिनील किरणांनी, आणि ते अंगाला जाणवत नाहीत. ताजा बर्फ यातले ८० टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो. शिवाय दर १,००० मीटर उंचीला ते साधारण १० टक्क्यांनी वाढतात. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे.

पडताळा घरीच घ्या. भर दुपारी पांढऱ्या रंगाच्या गच्चीवर टोपी घालून उभे राहा आणि मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यात बघा: हनुवटीची खालची बाजू उजळलेली दिसेल. बर्फावर प्रकाश असाच खालून येतो, म्हणून नुसती टोपी पुरत नाही.

डोळ्यांचं जास्त जपा. त्रास सहा ते बारा तासांनी सुरू होतो, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. तोवर दुपारचं ऊन कुणाच्या लक्षातही नसतं. म्हणूनच स्की रिसॉर्टच्या व्यवस्थापकाने 'क्रीम लावा' एवढंच सांगून थांबू नये. बूट देतानाच कारणासकट सांगावं: एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) ३० किंवा जास्त असलेलं सनस्क्रीन, नाकाखाली आणि हनुवटीखालीही, दर दोन तासांनी, बाजू झाकणारा यूव्ही ४०० (म्हणजे अतिनील किरण अडवणारा) गॉगल, ढगाळ असलं तरी. अतिनील किरण न अडवणारी नुसती काळी काच उलट घातक, कारण तिच्यामागे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि जास्त किरण आत जातात. डोळे खुपू लागले तर चोळू नका, लेन्स काढा, अंधाऱ्या खोलीत थांबा, डॉक्टरांना दाखवा.