पोर्क लॉइन आणि टेंडरलॉइन : ग्रिलवर दोघांची आग वेगळी

‘टेंडरलॉइन मिळालं नाही तर लॉइन घ्या, एकच ते’ हा सल्ला इतका सर्रास दिला जातो की तो खरा आहे का, हे कुणी तपासतही नाही. तो साफ चुकीचा आहे. दोन्ही तुकडे डुकराच्या पाठीकडचे, दोन्ही कमी चरबीचे, रंगही सारखाच फिकट गुलाबी, त्यामुळे गल्लत होते हे कबूल. पण एकाची कृती दुसऱ्यावर चालवली की हाती दोनपैकी एक गोष्ट येते: बाहेरून करपलेलं आणि आतून कच्चं मांस, नाही तर तोंडात भुसा भरल्यासारखा कोरडा तुकडा.

टेंडरलॉइन बहुतेकांच्या हाताखालून गेलेलं असतं, म्हणून ते थोडक्यात. मणक्याच्या आतल्या अंगाला, पोटाच्या बाजूने असलेला हा लांबट स्नायू. जनावर तो फारसा वापरत नाही, म्हणून मऊ. लांबी साधारण 25 ते 30 सेंटिमीटर, जाडी जेमतेम 5, वजन 400 ते 600 ग्रॅम, एक टोक निमुळतं. एका डुकरात असे दोनच. मीठ लावायचं, झाकणाखाली 200 ते 230 अंश सेल्सिअस असलेल्या ग्रिलवर थेट आचेवर, म्हणजे आगीच्या अगदी वर ठेवायचं, दर तीन-चार मिनिटांनी पाव फेरा वळवायचं. 15 ते 20 मिनिटांत झालं.

लॉइन हा मणक्याच्या वरच्या अंगाला, खांद्यापासून मागच्या पायापर्यंत गेलेला मोठा स्नायू. पोर्क चॉपमधला (हाडासकट कापलेल्या जाड कापातला) मांसाचा मोठा गोळा तो हाच. हाडं काढलेलं अख्खं लॉइन तीन-चार किलोंचं भरतं. ग्रिलवर ठेवायला आणतात तो त्यातला दीड-दोन किलोंचा तुकडा: 10 ते 12 सेंटिमीटर रुंद, 8 ते 10 उंच, वरून चरबीचा पांढरा थर. काउंटरवर ओळखायची सोपी खूण म्हणजे मनगटाएवढं ते टेंडरलॉइन आणि हाताच्या पंज्याएवढं रुंद ते लॉइन. लेबलपेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवा. कारण कधी लॉइनमधूनच उभा, अरुंद तुकडा काढून ‘लॉइन फिले’ नावाने विकतात, आणि तो टेंडरलॉइनसारखा दिसतो.

मऊ कुठलं आणि चवीला कुठलं सरस, यावर लोक तासन्‌तास बोलतात. टेंडरलॉइन जास्त मऊ, लॉइनला चव जास्त. विषय संपला. ग्रिलवर ज्या फरकाने घात होतो तो जाडीचा.

मांसाच्या पृष्ठभागाला लागलेली उष्णता आत सरकत सरकत मध्यभागी पोचते, आणि ती फार सावकाश सरकते. जाडी दुप्पट झाली की मध्य शिजायला दुप्पट नाही, ढोबळमानाने चौपट वेळ लागतो. 5 सेंटिमीटरच्या टेंडरलॉइनला 15-20 मिनिटं पुरतात, कारण पृष्ठभागापासून मध्यापर्यंतचं अंतर अडीच सेंटिमीटर आहे. तेवढ्या वेळात बाहेर खरपूस रंग येतो आणि आतही काम होतं. 10 सेंटिमीटरचं लॉइन त्याच थेट आचेवर ठेवलं, तर विसाव्या मिनिटाला बाहेरून सुंदर रंग आलेला असतो आणि मध्यभाग मात्र अजून कोमट. मग आणखी पंधरा मिनिटं, आणखी पंधरा मिनिटं असं करत गेलं की बाहेरचा मसाला काळा पडतो, कडेचा दोन-अडीच सेंटिमीटरचा थर राखाडी आणि कडक होतो, आणि मधली जेमतेम बोटभर जाडीची गाभ्याची चकती तेवढी खाण्यासारखी उरते. दोष मांसाचा नसतो, आगीच्या मांडणीचा असतो.

लांबीने मात्र वेळ फारसा वाढत नाही. एक किलोचं आणि दोन किलोंचं लॉइन सारख्याच जाडीचं असेल, तर दोन्हीला जवळपास सारखाच वेळ लागतो. म्हणून ‘किलोला अमुक मिनिटं’ हा हिशेब या मांसाला लावू नका. तो छापलेला दिसला तर ती कृती तिथेच बाजूला ठेवावी. वजन काट्यावर कळतं, पण शिजणं जाडीवर ठरतं. वर सांगितलेलं ते अरुंद ‘लॉइन फिले’ही याच नियमाने सुटतं: नाव काहीही असो, 5-6 सेंटिमीटर जाड असेल तर टेंडरलॉइनसारखं भाजा.

लॉइनची आग

लॉइनला आडवी आच हवी, म्हणजे आग एका बाजूला आणि मांस दुसऱ्या बाजूला, वरून झाकण बंद. कोळशाच्या ग्रिलमध्ये पेटलेले कोळसे एका बाजूला रचा. दुसऱ्या बाजूला जाळीखाली ॲल्युमिनियमची उथळ ट्रे ठेवून तिच्यात बोटभर पाणी घाला, म्हणजे टपकणारी चरबी जळून कडवट धूर होणार नाही. झाकणाची वरची झडप मांसावर येईल अशी ठेवा. गरम हवा मांसावरून जाऊन बाहेर पडते. गॅसच्या ग्रिलला तीन बर्नर असतील तर कडेचा एकच चालू ठेवायचा आणि मांस दुसऱ्या टोकाला ठेवायचं.

जाळीपाशी 150 ते 165 अंश हवेत. झाकणावरच्या तबकडीतला आकडा घुमटाखालच्या हवेचा असतो आणि जाळीपाशी तापमान बरंच वेगळं असू शकतं, म्हणून जाळीवर ठेवायचा वेगळा थर्मामीटर असलेला बरा. कोळसे असतील तर पाऊण तासाने मूठभर नवे कोळसे घालावे लागतात. ते आधी बाहेर पेटवून, राखेचा पांढरा थर आल्यावरच आत टाका. 9-10 सेंटिमीटर जाडीच्या लॉइनला असा सव्वा ते दीड तास लागतो. अर्ध्या वेळानंतर तुकडा एकदा फिरवून दुसरी कड आगीकडे करा, नाही तर आगीजवळची बाजू पुढे निघून जाते.

खरपूस कवच शेवटी आणायचं, सुरुवातीला नाही, हे माझं ठाम मत. आधी थेट आचेवर भाजून ‘रस आत कोंडला जातो’ हा समज चुकीचा आहे. भाजलेल्या पृष्ठभागातूनही रस गळतोच, आणि गार, ओल्या तुकड्याला रंग यायला जास्त वेळ लागतो, तोवर कडेचा थर वाजवीपेक्षा शिजतो. त्याउलट तासभर कोरड्या गरम हवेत राहिलेला पृष्ठभाग सुकलेला असतो. मध्यभाग 53-54 अंशांवर आला की तुकडा कोळशांवर सरकवा आणि प्रत्येक बाजूला मिनिट-दीड मिनिट द्या. रंग झटकन येतो. चरबीची बाजू आगीवर असताना मात्र ग्रिल सोडून जाऊ नका. चरबी पेटली की तुकडा लगेच बाजूला घ्या. पाणी मारू नका, राख उडून मांसावर बसते.

सफरचंदाच्या किंवा चेरीच्या लाकडाचा एखादा तुकडा कोळशांवर ठेवला तर लॉइनला धुराची छान चव येते, कारण ते पुरेसा वेळ आत असतं. टेंडरलॉइनसाठी लाकूड वाया घालवू नका. धूर धरेपर्यंत ते ताटात गेलेलं असतं.

उतरवायचं कधी

दोघांचं शेवटचं तापमान एकच: मध्यभागी 63 अंश आणि त्यानंतर किमान तीन मिनिटं विसावा. अमेरिकेच्या कृषी खात्याने 2011 मध्ये अख्ख्या तुकड्यांसाठीची मर्यादा 71 वरून 63 वर आणली. खिम्यासाठी 71 कायम आहे, तिथे तडजोड नाही. ट्रायकिनेला या कृमीच्या भीतीपोटी आजही कितीतरी जण लॉइन 75-80 पर्यंत नेतात, पण तो कृमी 63 च्या आतच मरतो. या जास्तीच्या अंशांनी सुरक्षितता वाढत नाही, फक्त रस जातो. साधारण 66 च्या पुढे स्नायूतली प्रथिनं घट्ट आवळली जातात आणि पाणी बाहेर ढकललं जातं. लॉइनमध्ये ते पाणी भरून काढायला आतली चरबी जवळपास नसतेच.

शेवट एकच असला तरी उतरवायचा क्षण वेगळा, आणि तोही जाडीमुळेच. उतरवल्यावर बाहेरच्या थरातली उष्णता आत जात राहते. जाड लॉइनमध्ये ती भरपूर असते. ते विसाव्यात आणखी 4 ते 5 अंश चढतं. टेंडरलॉइन दोन-तीनच चढतं. म्हणून लॉइन 59 ला उतरवा आणि 15 मिनिटं ठेवा. टेंडरलॉइन 60-61 ला उतरवा, त्याला पाच-सात मिनिटं पुरे. विसाव्यात थर्मामीटर आतच राहू द्या आणि आकडा 63 वर पोचतो की नाही ते बघा. नाहीच पोचला तर पुन्हा ग्रिलच्या गार बाजूला पाच मिनिटं. वरून फॉइल सैल टाका. घट्ट गुंडाळलं की वाफेने कवच लिबलिबीत होतं आणि दीड तासाची मेहनत वाया जाते.

थर्मामीटरची सुई वरून खाली खुपसण्यापेक्षा टोकाकडून आडवी, गाभ्यातून घाला. लॉइन वरून टोचलं की सुईचं टोक मध्यावर थांबलं की पुढे गेलं हे कळत नाही. सगळ्यात कमी आकडा दाखवणारी जागा तोच गाभा. बोटाने दाबून बघणं, रस पारदर्शक आला का बघणं, कापून रंग बघणं हे सगळं सोडा. 63 ला नीट शिजलेलं लॉइन आत हलकं गुलाबी असतंच, आणि ते तसंच असायला हवं.

बाकीचे फरक

टेंडरलॉइनवर चंदेरी, चिवट पापुद्रा असतो. तो ग्रिलवर विरघळत नाही, उलट आक्रसून तुकडा वाकडा करतो. सुरीचं टोक त्याखाली सरकवा, पातं किंचित वर, पापुद्र्याकडे रोखून लांब ओढत न्या. निमुळतं टोक आठ-दहा सेंटिमीटर आत दुमडून सुती दोऱ्याने बांधा, म्हणजे जाडी सगळीकडे सारखी होते. लॉइनची चरबी मात्र काढू नका, फक्त पाच-सहा मिलिमीटरपर्यंत छाटा आणि तिच्यावर मांसाला न लागतील अशा तिरक्या चिरा द्या. ही चरबी वितळून मांसात मुरते असं म्हणतात; तसं होत नाही, ती ओघळून जाते. तिचा उपयोग ढालीसारखा. म्हणून भाजताना सुरुवातीला चरबीची बाजू आगीच्या दिशेला.

मीठ दोघांनाही किलोला 12 ग्रॅम, पण लॉइनला आदल्या रात्री लावून फ्रिजमध्ये उघडं ठेवायचं आणि टेंडरलॉइनला तासभर आधी. मिठाच्या पाण्यात ठेवायचं असेल तर लिटरला 60 ग्रॅम: लॉइन आठ ते बारा तास, टेंडरलॉइन दोन तास. टेंडरलॉइन रात्रभर ठेवलं तर ते खारट होतं आणि रबरासारखं लागतं. पाकिटावर आधीच मिठाचं पाणी भरल्याचा उल्लेख असेल तर दोन्ही प्रकार टाळा, नुसता मसाला लावा.

साखर, मध किंवा गोड सॉस लॉइनला शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत, गार बाजूला असतानाच लावा, आणि मग थेट आचेवर ते फार वेळ धरू नका. टेंडरलॉइनला शेवटची तीन-चार मिनिटं.

दोन्ही तुकडे मांसाच्या धाग्यांना आडवे कापा. लॉइनचे काप पाऊण ते एक सेंटिमीटरचे, त्याहून जाड कापलं की चावत बसावं लागतं. टेंडरलॉइनला दोन सेंटिमीटर चालतात.

लॉइनची आणखी एक गल्लत होते, खांद्याच्या मांसाशी. सात-आठ तास मंद आचेवर 90-95 अंशांपर्यंत नेऊन धागे सुटणारं मांस करायचं ते खांद्याचं. खांद्यात जोडऊती (स्नायूंना बांधून ठेवणारा चिवट भाग) आणि चरबी भरपूर, ती वितळून मांस ओलं राहतं. लॉइनमध्ये वितळायला काही नाही. ते 90 पर्यंत नेलं की धागे सुटतात खरे, पण सॉसशिवाय गिळवत नाहीत. लॉइन सस्तात मिळालं म्हणून ते असं शिजवू नका.

आणि दोन्ही मांसं एकाच तुकड्यात हवी असतील तर टी आकाराच्या हाडाचा चॉप घ्या. हाडाच्या एका बाजूला लॉइन, दुसऱ्या बाजूला छोटं टेंडरलॉइन. साडेतीन-चार सेंटिमीटर जाडीचा चॉप घ्या, आधी गार बाजूला 52-53 पर्यंत न्या, मग आगीवर ठेवताना लॉइनची मोठी बाजू कोळशांकडे आणि टेंडरलॉइनची लहान बाजू त्यांच्यापासून लांब राहील असा ठेवा. सुई दोन्ही बाजूंना, हाडापासून बोटभर दूर टोचून बघा. हाडाला टेकली की आकडा चुकीचा येतो.