नाळ की बेशरम? नाथसागराच्या काठची दोन जांभळी फुले

पावसाळा सरल्यावर नाथसागराचे, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाचे, पाणी मागे हटू लागते, तेव्हा उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर सुरू होते आणि ज्या दलदलीत नांगर चालत नाही तिथे नरसाळ्याच्या आकाराची फिकट जांभळी फुले दिसू लागतात. ही सगळी फुले एकाच वनस्पतीची नसतात. काही नाळीची असतात, जिचे कोवळे शेंडे भाजीसाठी खुडतात. काही बेशरमाची असतात, जे सतत खाल्ल्याने शेळ्या आजारी पडून दगावतात. दोन्ही वनस्पती आयपोमिया या एकाच प्रजातीतल्या, म्हणजे रताळ्याच्या भावकीतल्या, असल्यामुळे फुलाची घडण सारखीच असते आणि केवळ फुलाच्या रंगावरून केलेली ओळख भरवशाची ठरत नाही. दोन्ही फुलांचा घसा, म्हणजे नरसाळ्याचा आतला भाग, गडद जांभळा असतो. नाळीचे फूल साधारण ३ ते ५ सेंटीमीटर लांब आणि कधी जवळजवळ पांढरे असते, तर बेशरमाचे ५ ते ९ सेंटीमीटरपर्यंत भरते. पण शेजारी तुलनेला दुसरे फूल नसेल, तर नजरेला हा फरक सहज कळत नाही.

खोड पोकळ असेल तर ती नाळ, असे काही जण सांगतात. ही खूण मात्र निरुपयोगी आहे, कारण बेशरमाचे खोडही पोकळच असते. खोडाची ठेवण पाहणे अधिक उपयोगाचे. नाळ पाण्यावर तरंगते किंवा चिखलावर सरपटते आणि तिच्या पेरापेराला मुळे फुटतात. बेशरम हे ताठ झुडूप असून ते माणसाच्या उंचीच्याही वर जाते, त्याचे जुने खोड बुडाशी लाकडासारखे होते, म्हणूनच त्याच्या काड्या कुंपणाला आणि चुलीला वापरल्या जातात. अडचण येते ती पुराने आडव्या झालेल्या बेशरमाची, कारण चिखलात पडलेल्या त्याच्या फांद्याही मुळे धरतात आणि नवे धुमारे वर काढतात.

अशा वेळी पान पाहावे. नाळीचे पान बहुधा बाणाच्या टोकासारखे असते, देठाजवळ त्याचे दोन्ही कोपरे टोकदार होऊन मागे किंवा बाजूंना वळलेले असतात आणि पृष्ठभाग गुळगुळीत लागतो. या पानाची रुंदी फार बदलते, कधी ते अगदी अरुंद असते, तेव्हा एका पानावर न थांबता पूर्ण वेल पाहावा. बेशरमाचे पान हृदयाकृती, तळाशी गोलाई असलेले आणि टोकाकडे लांब निमुळते होत गेलेले असते. कोवळ्या भागांवर बारीक लव जाणवते. फुलांची मांडणीही निराळी आहे. नाळीला पानाच्या बगलेत एखाद-दुसरे फूल येते, बेशरमाला फांदीच्या शेंड्याकडे घोस येतात आणि ते जवळजवळ वर्षभर फुलत राहते. फळे धरली असतील तर प्रश्नच उरत नाही: बेशरमाच्या बियांवर लांब, रेशमी, तपकिरी केस असतात, नाळीच्या बियांवर ते नसतात.

एवढी बारकाई करण्याचे कारण विषात आहे. उष्ण कटिबंधीय अमेरिकेतून आलेल्या बेशरमात स्वेनसोनाइन हे द्रव्य असते. ते पेशींमधल्या एका विकराचे काम अडवते, त्यामुळे न मोडलेली शर्करा पेशींमध्ये साठत जाते आणि चेतासंस्थेला इजा होते. एखाद्या दिवशी चार पाने खाल्ल्याने शेळी कोसळते असे नव्हे. आठवडेच्या आठवडे खात राहिल्यावर ती खंगते, तिचा तोल जातो, मान थरथरते. दुष्काळात रानात दुसरे काही हिरवे नसते आणि बेशरम तेवढे टिकून असते, शिवाय एकदा चव लागली की जनावर ते शोधून खाते, म्हणून मराठवाड्यात उन्हाळ्यातला धोका सर्वांत मोठा मानायला हवा.

नाळीची ओळख पटली तरी ती कुठे उगवली आहे हे पाहणे आवश्यक आहे. ही वनस्पती पाण्यातले जड धातू सहज शोषून घेते, म्हणून गावाचे सांडपाणी मिसळणाऱ्या ओढ्याच्या मुखाजवळची भाजी खुडू नये, आणि स्वच्छ पाण्यातली असली तरी कच्ची न खाता नीट शिजवूनच खावी.