कोटाची मुदत आणि अनुदानाचं वर्ष : अमेरिकी खेड्यांतल्या स्वयंसेवी अग्निशमन दलांच्या साहित्यामागचा इतिहास

आगीत घालायच्या कोटाचं अस्तर उलटं केलं की आत शिवलेली एक कापडी पट्टी दिसते. बनवणाऱ्या कंपनीचं नाव, अनुक्रमांक आणि खाली उत्पादनाचा महिना नि वर्ष. अमेरिकेच्या ग्रामीण भागातल्या स्वयंसेवी अग्निशमन दलाची आर्थिक ओढाताण समजून घ्यायची असेल, तर हिशेबाच्या वह्यांच्या आधी ही पट्टी वाचावी. एनएफपीए, म्हणजे अमेरिकेतली राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटना, हिचं १८५१ क्रमांकाचं मानक सांगत आलं, की त्या तारखेपासून दहा वर्षं झाली की कोट, पँट, हेल्मेट, बूट, हातमोजे सगळं बाद. कोट शंभर आगींत जाऊन आलेला असो की खुंटीवरून कधी खालीही उतरलेला नसो, मुदत तीच.

म्हणजे साहित्य ठरल्या दिवशी संपतं. पैसा मात्र कधीच ठरल्या दिवशी आलेला नाही. तो मोठ्या दुर्घटनेनंतर, नवा कायदा झाल्यावर किंवा अर्ज मंजूर झाला तर, असा एकदम येतो. या दोन वेळापत्रकांचा मेळ न बसणं हीच या विषयाची खरी पार्श्वभूमी.

आपल्याकडे अग्निशमन म्हटलं की नगरपालिका किंवा महापालिका, पगारी कर्मचारी आणि लाल बंब डोळ्यांसमोर येतात. अमेरिकेत चित्र उलटं आहे. २०२० च्या एनएफपीएच्या अंदाजानुसार तिथल्या सुमारे १०,४१,२०० अग्निशमन जवानांपैकी ६,७६,९०० स्वयंसेवक होते. १९८४ मध्ये हाच स्वयंसेवकांचा आकडा ८,९७,७५० होता. लहान गावांत तर बहुधा सगळं दलच स्वयंसेवी असतं. शेतकरी, शिक्षक, गॅरेजवाला असे लोक कमरेचा पेजर वाजला की हातातलं काम टाकून निघतात. त्यांना पगार नसतो, पण भिंतीपलीकडची आग ही पगारी जवान आणि स्वयंसेवक असा भेद करत नाही. साहित्य दोघांना तेच लागतं.

स्वतःच्या खर्चाने आग विझवायची ही रीत तिथे फार जुनी. बेंजामिन फ्रँकलिनने ७ डिसेंबर १७३६ रोजी फिलाडेल्फियात युनियन फायर कंपनी स्थापन केली. तिच्या करारात पहिलीच अट होती, की प्रत्येक सभासदाने दोन कातडी बादल्या आणि चार जाड्याभरड्या कापडाच्या पिशव्या स्वखर्चाने ठेवाव्यात. बादल्या पाण्यासाठी, पिशव्या जळत्या घरातलं सामान बाहेर काढण्यासाठी. सभासदाच्या अंगावर काय असावं याबद्दल मात्र अट नव्हती.

शहरांनी ही रीत एकोणिसाव्या शतकात सोडली. सिनसिनाटीने १८५३ मध्ये पूर्ण पगारी दल उभं केलं, न्यूयॉर्कने १८६५ मध्ये, फिलाडेल्फियाने १८७१ मध्ये. त्यामागे वाफेचा बंब हे मोठं कारण होतं. तो जड, महागडा, घोड्यांनी ओढायचा, त्याला कायमची माणसं आणि कायमचं उत्पन्न लागायचं. शहरांकडे कर होते, खेड्यांकडे नव्हते. त्यामुळे खेडी वर्गणी, जेवणावळी आणि स्वखर्च यांवरच राहिली, आणि बऱ्याच अंशी आजही आहेत. पॅनकेकचा नाश्ता, भाजलेल्या कोंबडीचं जेवण, बिंगो, लिलाव, हे सगळं दलाच्याच हॉलमध्ये होतं.

नाश्त्याचा साधा हिशेब करून पाहा. घरातल्या आगीसाठीचा पूर्ण पोशाख ४,००० डॉलरचा धरला, तर २० सभासदांसाठी ८०,००० डॉलर होतात. दहा वर्षांत विभागले तर दरसाल ८,०००, म्हणजे दोन पोशाख. दहा डॉलरची एक प्लेट धरली, तर फक्त या दोन पोशाखांसाठी ८०० प्लेट खपायला हव्यात, तेही पीठ, पाक आणि गॅसचा खर्च शून्य मानून. हजार-बाराशे वस्तीच्या गावात हे दरवर्षी जमत नाही. मग खरेदी पुढे ढकलली जाते, आणि पट्टीवरची तारीख मागे पडत जाते.

काही राज्यांनी यातून वेगळी वाट काढली. पेनसिल्व्हेनियाने १८९५ मध्ये कायदा केला, की राज्याबाहेरच्या विमा कंपन्यांच्या आगविम्याच्या हप्त्यांवर दोन टक्के कर घ्यायचा आणि तो स्वयंसेवकांच्या मदत संस्थांना द्यायचा. मूळ हेतू जखमी जवानाला आणि मृताच्या कुटुंबाला आधार देण्याचा. पुढे त्यातच जवानाचा जीव राखणाऱ्या साहित्याची खरेदी बसली. त्या पैशातून पोशाख आणि श्वसनसंच (पाठीवरचं हवेचं सिलिंडर आणि मास्क) घेता येतात, बंब घेता येत नाही, आणि राज्याचा महालेखापरीक्षक त्याचा हिशेब तपासतो. आमच्या मते साहित्याच्या दृष्टीने ही सर्वांत शहाणी रचना आहे. पैसा दरवर्षी येतो आणि तो बंबाकडे वळवता येत नाही.

बंबाकडे वळण्याचा हा मुद्दा महत्त्वाचा, कारण संघराज्य सरकारचा पैसा पहिल्यांदा आला तो याच रूपात. १९१० च्या ऑगस्टमध्ये आयडाहो, मोंटाना आणि वॉशिंग्टनमध्ये सुमारे ३० लाख एकर जंगल जळलं, ८५ च्या आसपास माणसं गेली आणि त्यांतली बहुतेक आग विझवणारी होती. १९११ चा वीक्स कायदा आणि १९२४ चा क्लार्क-मॅकनरी कायदा यांनी जंगलातल्या आगीसाठी राज्यांना पैसे देण्याची सुरुवात केली. १९७२ च्या ग्रामीण विकास कायद्याने हा ओघ पहिल्यांदा १०,००० पेक्षा कमी वस्तीच्या गावांच्या दलांपर्यंत आणला, आणि १९७८ च्या वनसहकार्य कायद्याने तो पक्का केला. आज त्याला स्वयंसेवी अग्निशमन साहाय्य म्हणतात. निम्मा खर्च सरकारचा, निम्मा दलाचा.

हा पैसा वनखात्यामार्फत येतो, आणि त्याच मार्गाने लष्कराचे जुने ट्रक आणि पंप खेड्यांत आले. एका योजनेत ट्रक वापरायला मिळतो, मालकी सरकारचीच राहते आणि दल बंद पडलं तर तो परत करावा लागतो. दुसरीत मालकीही दलाकडे येते. गावोगावचे लोक त्या सहाचाकी ट्रकवर टाकी बसवून गवताच्या आगीचा बंब करू लागले. काम मोलाचं होतं, पण ट्रकच्या मागच्या फळीवर उभा असलेला माणूस बहुतेक वेळा जुनाच कोट घालून होता. बंब मिरवणुकीत निघतो, गावाला दिसतो, त्यासाठी वर्गणीही मिळते. पोशाखासाठी वर्गणी मागणं जास्त कठीण, आणि तिथेच दुर्लक्ष होत गेलं.

पोशाखाचं मानकच मुळात उशिरा आलं. १९७० च्या दशकापर्यंत रबरी किंवा कॅनव्हासचा लांब कोट आणि मांडीपर्यंत ओढायचे रबरी बूट हाच पोशाख होता. कोट आणि बूट यांच्यामध्ये भाजायला जागा राहायची. १९७३ मध्ये राष्ट्रीय आयोगाचा ‘अमेरिका बर्निंग’ हा अहवाल आला. त्याने देशात आगीत वर्षाला सुमारे १२,००० मृत्यू होतात असं मांडलं आणि अग्निशमन जवानांच्या जोखमीकडे लक्ष वेधलं. १९७४ च्या कायद्याने संघराज्य पातळीवर अग्निशमन प्रशासन आणि प्रशिक्षण अकादमी सुरू झाली. १९७५ मध्ये एनएफपीए १९७१ (हा मानकाचा क्रमांक, वर्ष नव्हे) हे पोशाखाचं मानक आलं. त्याच सुमारास नासाच्या ह्यूस्टन केंद्राने अंतराळ तंत्र वापरून श्वसनसंचाचं वजन साधारण एक तृतीयांशाने कमी केलं. त्याआधीचा संच इतका जड होता की जवान तो बंबातच ठेवून आत जायचे.

सुरक्षितता वाढली, तशी किंमतही वाढली. आजच्या कोटात तीन थर असतात. बाहेरचा थर ज्वाला आणि घासणं सोसतो, मधला पाणी आणि वाफ अडवतो, आतला उष्णता रोखतो. खराब होतो तो बहुधा मधला, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. शिवणींवर चिकटवलेली टेप काखेत आणि खांद्यावर, पट्टे घासतात तिथे, आधी सुटते. ती तपासायला महागडं यंत्र लागत नाही. एक भाग रबिंग अल्कोहोल आणि सहा भाग नळाचं पाणी एकत्र करायचं, मधल्या थराचा खोलगट वाटीसारखा भाग करून त्यात एक कप ओतायचं आणि तीन मिनिटं थांबायचं. खालून ओल आली तर थर गेला. आगीत त्याच जागेतून गरम वाफ आत शिरते आणि कातडी सोलते. आतला थर तपासायला त्यामागे टॉर्च धरायची. प्रकाश कुठे जास्त झिरपतो तिथे भरण सरकलेलं असतं. खिडकीपाशी उन्हात टांगलेला कोट मुदतीच्या कितीतरी आधी संपतो, कारण केव्हलरसारख्या धाग्यांना सूर्यप्रकाश सोसत नाही.

श्वसनसंचाचं घड्याळ वेगळं. कार्बनच्या सिलिंडरचं आयुष्य साधारण १५ वर्षं, दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी. मास्क चेहऱ्याला बसतो की नाही याची चाचणी दरवर्षी. शिवाय मानक साधारण दर पाच वर्षांनी बदलत आलं. २०१३ च्या आवृत्तीने मास्कची काच जास्त उष्णता सोसणारी केली आणि हवा संपत आल्याचा इशारा २५ ऐवजी ३३ टक्क्यांवर आणला, कारण परतीच्या वाटेला २५ टक्के पुरत नाहीत हे मृत्यूंच्या चौकशांतून दिसलं होतं. जवान ३० सेकंदांच्या आसपास निश्चल राहिला तर ओरडणारा गजरही संचातच असतो. जुना संच चालतो, पण यांतलं काहीतरी त्यात नसतं.

मोठं वळण आलं १९९९ च्या डिसेंबरात. ३ तारखेला मॅसॅच्युसेट्सच्या वूस्टर शहरातल्या रिकाम्या शीतगृहाच्या आगीत सहा जवान गेले. २२ तारखेला आयोवातल्या केओकक इथे तीन जवान आणि तीन मुलं गेली. न्यू जर्सीचे खासदार बिल पॅस्क्रेल यांनी दलांना थेट अनुदान देण्याचं विधेयक आणलं होतं, त्याला आता जोर आला. ३० ऑक्टोबर २००० रोजी ते संरक्षण खर्चाच्या कायद्यातून मंजूर झालं. राज्यांमार्फत न जाता पैसा थेट गावच्या दलाच्या खात्यात, हे त्यातलं नवेपण. पहिल्या वर्षी १० कोटी डॉलर होते, २००२ मध्ये, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर, ३६ कोटी झाले.

यात दलाचा स्वहिस्साही असतो, आपल्याकडच्या नळपाणी योजनेतल्या लोकवर्गणीसारखा. सुरुवातीला ५०,००० पर्यंत वस्ती असलेल्या गावांना तो दहा टक्के होता. खेड्यांना तोही जड गेला, म्हणून पुढे २०,००० पर्यंतच्या वस्तीसाठी पाच टक्के झाला. हिशेबात इथे हमखास चूक होते. पाच टक्के हे एकूण खर्चावर नसून अनुदानाच्या रकमेवर असतात. १,००,००० डॉलरच्या खरेदीत ५,००० नाही, तर १,००,००० भागिले १.०५, म्हणजे अनुदान ९५,२३८ आणि स्वहिस्सा ४,७६२.

अर्ज फेटाळले जातात ते बहुधा गरज नसल्यामुळे नाही. सरकारी नोंदणी दरवर्षी नवी करावी लागते, ती ऐन वेळी संपलेली असते. श्वसनसंच सभासदांच्या संख्येनुसार मागितले जातात, प्रत्यक्षात ते बंबातल्या बसण्याच्या जागांनुसार मोजले जातात. आधी खरेदी करून मग पैसे मागितले, तर मिळत नाहीत. ‘आमचं साहित्य जुनं आहे’ एवढ्याने गुण मिळत नाहीत. वीसपैकी किती कोट दहा वर्षांपुढचे, किती सिलिंडर चाचणीत गेले, किती संच दोन आवृत्त्या मागचे, याचा तक्ता जोडला की तपासणाऱ्यांना, जे स्वतः अग्निशमन क्षेत्रातलेच असतात, चित्र कळतं.

टेक्सासने राज्य पातळीवर वेगळी सोय केली. १९९७ पासून मोठी दलं आणि उद्योग आपलं जुनं साहित्य, पुढे काही झालं तर आपल्यावर दावा होईल या भीतीशिवाय, खेड्यांना देऊ शकतात. २००१ च्या कायद्याने विमा कंपन्यांकडून आकारणी करून ग्रामीण दलांसाठी निधी उभा केला. त्यानंतर २००६ च्या मार्चमध्ये राज्याच्या उत्तर टोकाच्या पॅनहँडल भागात सुमारे नऊ लाख एकर जळलं आणि बारा माणसं गेली. २०२४ च्या स्मोकहाउस क्रीक आगीने दहा लाख एकर ओलांडले. या आगी गवताच्या आहेत. तिथे तीन थरांचा जाड कोट जवानाला उष्माघात आणतो, हलका एकपदरी पोशाख हवा असतो. म्हणजे ग्रामीण दलाला दोन पोशाख लागतात, आणि हे अर्जात न मांडल्यामुळे कित्येक दलं एकाच जाड कोटावर राहतात.

धुण्याचा खर्च तर अलीकडचा. शिकागो, फिलाडेल्फिया आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या सुमारे ३०,००० जवानांच्या अभ्यासात कर्करोगाने मृत्यूचं प्रमाण सामान्य लोकांपेक्षा १४ टक्के जास्त दिसलं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने अग्निशमनाचा व्यवसायच कर्करोगजनक ठरवला. काजळीने माखलेला कोट घरच्या मशीनमध्ये धुता येत नाही, आणि तो धुवायला टाकला की दुसरा लागतो.

दलांना थेट पैसे देणाऱ्या त्या अनुदान योजनेची कालमर्यादा ३० सप्टेंबर २०२४ ला संपत होती. ९ जुलै २०२४ च्या कायद्याने ती ३० सप्टेंबर २०३० पर्यंत वाढवली. २०१५ मध्ये अनुदानातून एकाच वेळी वीस कोट घेतलेल्या दलाचे वीसही कोट २०२५ मध्ये एकाच वेळी बाद झाले. काही दलं आता अनुदान श्वसनसंचांसाठीच मागतात, कारण ती रक्कम एकदम लागते. पोशाख मात्र ती गावच्या कराच्या पैशातून दरवर्षी दोन-दोन घेतात. पट्टीवरच्या तारखा मग वेगवेगळ्या पडतात, आणि कुठल्याच वर्षी सगळी खुंटी रिकामी होत नाही.