गोव्यात बाळाचा बाप्तिस्मा: अर्ज कुठे करायचा, धर्मपिता कोण होऊ शकतो, कागद कोणते लागतात

सिंधुदुर्ग, बेळगाव, कोल्हापूरकडून नोकरीधंद्यासाठी गोव्यात आलेल्या मराठी कॅथलिक घरांत बाळ झालं की आधी हॉल आणि जेवणाची चौकशी सुरू होते. पॅरिश, म्हणजे आपल्या भागातलं चर्च, तिच्या ऑफिसची पायरी सगळ्यांत शेवटी चढली जाते. माझं कळकळीचं सांगणं, हा क्रम उलटा करा. तारीख पुढे ढकलली जाते ती बहुतेक वेळा धर्मपिता-धर्ममातेच्या, म्हणजे बाळाला श्रद्धेत साथ देणाऱ्या धर्मपालकांच्या, कागदांपायी.

आधी पॅरिश ठरवा. गोव्यात तिला फिर्गज म्हणतात. बाळाचा बाप्तिस्मा साधारणपणे आईवडिलांच्या पॅरिशमध्येच व्हावा असा चर्चचा नियम आहे. "आम्ही भाड्याने राहतो, आमची पॅरिश वेंगुर्ल्याची," असं म्हणून कित्येकजण मागे सरतात. त्याची गरज नाही. एखाद्या ठिकाणी तीन महिने राहिलात, किंवा किमान तेवढे दिवस राहायचं ठरवून आलात, की तिथल्या विगारांच्या, म्हणजे पॅरिशच्या प्रमुख फादरांच्या, देखरेखीखाली तुम्ही येता. फातोर्ड्यात किंवा म्हापशात राहत असाल तर तिथल्याच ऑफिसात जा. सोहळा गावीच हवा असेल तर इथल्या विगारांचं ना-हरकत पत्र घेऊन गावच्या फादरना द्यायचं.

अर्जासोबत बाळाचा पंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आईवडिलांचा चर्चमधल्या लग्नाचा दाखला आणि ओळखपत्रं मागतात. आईवडील आणि धर्मपालकांना तयारीच्या वर्गाला बसावं लागतं. वर्गाचे आणि बाप्तिस्म्याचे दिवस पॅरिशगणिक वेगळे असतात, ते ऑफिसात विचारून घ्या. संस्कार विकला जात नाही. स्वेच्छेने दान द्यायची रीत आहे, पण ऐपत नाही म्हणून कुणाचं बाळ परत पाठवायचं नाही, असं चर्चचा कायदाच सांगतो.

धर्मपिता, धर्ममाता

एकच धर्मपिता चालतो, एकच धर्ममाता चालते, किंवा दोघं मिळून. दोन धर्मपिते चालत नाहीत. वय साधारणपणे 16 पूर्ण हवं. व्यक्ती कॅथलिक हवी, तिने दृढीकरण (कन्फर्मेशन) आणि ख्रिस्तप्रसाद (कम्युनियन) घेतलेला हवा, आणि तिचं जगणं श्रद्धेला धरून हवं. बाळाचे स्वतःचे आईवडील या जागी उभे राहू शकत नाहीत.

घोळ होतो तो दृढीकरणापाशी. मुंबईचा मामा ठरतो, त्याने लहानपणी दृढीकरण घेतलं की नाही हे घरात कुणालाच ठाऊक नसतं, आणि त्याच्या पॅरिशचं पत्र यायला वेळ लागतो. म्हणून नाव पक्कं करण्यापूर्वीच त्याला दाखला काढायला सांगा. कोल्हापूरची आत्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची असेल तर ती धर्ममाता होत नाही. मात्र एका कॅथलिक धर्मपालकासोबत ती साक्षीदार म्हणून उभी राहू शकते. जिवाभावाच्या हिंदू शेजाऱ्याला हे स्थान देता येत नाही. त्यांना पुढच्या बाकावर बसवा आणि आधीच नीट समजावून सांगा, म्हणजे कुणाचं मन दुखणार नाही.

आईवडिलांपैकी एकजण हिंदू असेल तरी बाप्तिस्मा होतो. दोघांपैकी किमान एकाची संमती हवी, आणि मूल कॅथलिक श्रद्धेत वाढेल अशी रास्त आशा हवी. नियमाला एकाची संमती पुरते, पण घरात दोघांचं आधीच मोकळेपणाने बोलणं झालेलं असावं असं मला मनापासून वाटतं. आईवडिलांचं चर्चमध्ये लग्न झालेलं नसेल तरी विगारांना जाऊन भेटा, परस्पर नकार गृहीत धरू नका.

सात वर्षं पूर्ण झालेल्या, समज आलेल्या मुलाला प्रौढांचे नियम लागतात. प्रौढाची स्वतःची इच्छा हवी, ती त्याने स्वतः बोलून दाखवायला हवी. त्याची तयारी बरेच महिने चालते. ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या विधीत बाप्तिस्मा, दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद हे तिन्ही एकत्र दिले जातात. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने दुसऱ्या चर्चमध्ये रीतसर बाप्तिस्मा झालेला असेल तर तो पुन्हा होत नाही. तिथला दाखला आणा.

विधीत फादर आधी बाळाचं नाव विचारतात, कपाळावर क्रूसाची खूण करतात. मग डोक्यावर तीनदा पाणी ओततात, पवित्र तेल लावतात, पांढरं वस्त्र घालतात. पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवरून वडील किंवा धर्मपिता लहान मेणबत्ती पेटवून घेतो. शब्द ठरलेले आहेत: "मी तुला पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देतो." "मी"ऐवजी "आम्ही" म्हटलं तर तो बाप्तिस्मा वैध ठरत नाही, असा निर्णय व्हॅटिकनने ऑगस्ट 2020 मध्ये दिला. कारण बाप्तिस्मा देतो तो ख्रिस्त. जमलेल्या माणसांच्या वतीने तो दिला जात नाही.

बाळ अत्यवस्थ असेल, गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) अतिदक्षता विभागात असेल, आणि फादर वेळेवर पोचणार नसतील, तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. नर्स, आजी, अगदी ख्रिस्ती नसलेली व्यक्तीसुद्धा. चर्च जे करतं ते करण्याचा हेतू हवा, साधं पाणी डोक्यावर ओतायचं आणि तेच शब्द म्हणायचे. मग पॅरिशला कळवून नोंद करून घ्यायची. बाळ बरं झालं की उरलेले विधी चर्चमध्ये होतात, पाणी मात्र पुन्हा ओतत नाहीत.

नोंदवहीतली ओळ

बाळाचं नाव, जन्माची तारीख आणि ठिकाण, आईवडील, धर्मपालक, संस्कार देणारे फादर, दिवस, सगळं पॅरिशच्या नोंदवहीत लिहिलं जातं. पुढे दृढीकरण आणि लग्न याच ओळीच्या समासात टिपलं जातं. म्हणूनच चर्चमध्ये लग्न ठरलं की जुना दाखला चालत नाही, साधारण सहा महिन्यांच्या आतला मागतात. माणूस आज कुठेही राहत असो, दाखला मिळतो तो बाप्तिस्मा झाला त्याच पॅरिशमधून.

स्पेलिंग तिथल्या तिथे तपासा. जन्मदाखल्यावर डिसोझा आणि नोंदवहीत द सौझा राहिलं, तर लग्नाच्या वेळी नागरी नोंदणी कार्यालय आणि चर्च अशा दोन्हीकडे खेटे घालावे लागतात. बाप्तिस्म्याचा दाखला सरकारी जन्मदाखल्याची जागा घेत नाही. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत करून घ्या आणि चर्चच्या अर्जावर त्याच दाखल्यावरून अक्षरन् अक्षर उतरवा.